नवा हुप्प्या आणि माझी वंदी

माझं नाव कौसाबाई, गाव परभणीकडलं, पण ते सोडून इतकी वर्सं झाली की कुणी गाव इचारलं तर तोंडात जुईनगरच येतं. मालक गेले, एक लेक वंदना, आन बेलापूरला डोंगराखाली रोपांची नर्सरी हाय तिथं मी पिशव्या भरते, पाणी मारते. तुमी वानरांचं इचारायला आलात, सांगते की, पण ते सांगायचं तर जावयाचं सांगावं लागंल, दोन्ही एकमेकांत अडकलंय, काय करता.

वंदीचा पहिला नवरा बिल्डिंगी रंगवायचा, परांचीवरून पडला आन गेला, तवा हिला सातवा महिना. पोरगं झालं, सोनू नाव ठिवलं. ते दहा महिन्याचं झालं तवा विहारातली मानसं म्हनली, तरनी पोर हाय, किती दिवस बसवनार, मोरा गावाला एक स्थळ हाय, वाशीच्या मार्केटात टेम्पो चालवतो, बायको वारलेली, मूलबाळ न्हाई, पोरासकट करतो म्हंतो. सगळ्यांना लई आनंद झाला. मला न्हाई झाला. पोरासकट का म्हंतो? माझा सोभावच तसा, मातीची गाडी आली तरी मी खाली हात घालून बघते, वर काळी माती आन खाली नुसतं डबर असतंय.

आन त्याच महिन्यात नर्सरीत वानरांचं झालं. काळ्या तोंडाची वानरं डोंगरावरून उतरतात, जास्वंदी खातात, बायांची टोळी आन त्यात एकच नर, त्यो हुप्प्या. ह्या टोळीचा हुप्प्या मला वळखू यायचा, शेपटीचा शेंडा तुटलेला. एका सकाळी दुसराच दांडगा आला, लई मारामारी झाली, तुटक्या शेपटीचा पळाला तो पुन्हा दिसला न्हाई. मग चार रोजांनी, काय सांगू तुमाला, माझ्या हातात पाइप, समोर शेडच्या पत्र्यावर एक वानरी पिल्लू छातीला लावून बसलेली, आन ह्या नव्यानं झडप घालून पिल्लू वढलं आन चावलं. टोळीतली एक म्हातारी, कान फाटलेला, तिचं सोताचं पिल्लू न्हाई, ती एकटी त्याच्या अंगावर गेली, त्यानं फेकली, पुन्हा गेली. पिल्लू वाचलं न्हाई. आई त्याला दोन दिवस काखेत घिऊन फिरली. त्या म्हातारीकडं बघून मी म्हनलं, ही मीच हाय.

कालेजातली एक म्याडम दुर्बीन घिऊन यायची, तिला इचारलं, काय वो, आपल्याच जातीचं लेकरू मारतंय, येडं झालंय का. ती म्हनली, येडं न्हाई मावशी, ते पिल्लू जुन्या नराचं. आई अंगावर पाजत असली की माजावर येत न्हाई, पिल्लू गेलं, दूध तुटलं की येती, मग ह्याची पिल्लं व्हनार, ह्याला बी उद्या कुनीतरी हाकलनारच, थांबायला वेळ नसतो. आन मावशी, म्हनली, सगळे नर असं करत न्हाईत, मानसाचं तर तसं नसतंच. मी आर्धंच ऐकलं. जुन्याचं पोर, नवा आला, येवढंच माझ्या कानात बसलं.

लगीन लागलं आन मी पोर दिलं न्हाई. म्हनलं, वंदे, तू आधी घरात रूळ. आमच्याकडं पहिल्याचं पोर आजीकडं ऱ्हातंच, कुनी नावं ठिवत न्हाई. बाटलीचं दूध दिलं तर सोनू तोंड फिरवायचा. तिकडं वंदीची छाती दगडावानी व्हायची, ब्लाउज भिजायचा, फोनवर रडायची. जावयाचा रोज फोन, मामी, टेम्पो रिकामाच हाय, येतो न्यायला. मी म्हनायची, सोनूला ताप हाय. मी म्हनायची, पुढल्या रविवारी. तो पुन्हा इचारायचा, आन जेवढा इचारायचा तेवढी मला शंका, येवढी घाई कशाला?

मग एक दिवस म्याडम सांगत आली, मावशी, त्या वानरीचं दूध आटलं, आता ती नव्या हुप्प्याच्याच मागं हाय. त्याच सकाळी वंदीचा फोन आलता, आये, माझं दूध आटलं गं. मी पाइपाचा नळ बंद केला. हुप्प्यानं पिल्लू आईपासनं तोडलं, आन हितं तोडनारा कोन, जावई न्हाई, जावई तर रोज न्यायला येतो म्हंत व्हता, तोडलं मी. मी सोताला म्हातारी वानरी समजत व्हते.

दुसऱ्या दिवशी सोनूला घिऊन मोऱ्याला गेले. सोनूनं आईला बघितलं आन छातीला लागला, वढतंय, वढतंय, काई न्हाई तरी सोडंना. वंदी माझ्याकडं बघना. जावई खाली मान घालून भायेर गेला, बिस्किटचा पुडा घिऊन आला. माफी मागायची व्हती मला, ती न मागताच सोनूचे कपडे तिथं ठिवले आन एकटी परत आले.

आता दोन वर्सं झाली. दोघं सुखात हायेत, तसंच ऱ्हावं. पन खरं सांगते, मन धुतलं जात न्हाई माझं. दर रविवारी जाते आन पहिलं सोनूचे कपडे काढून बघते, पाठ, काख, मांड्या, कुटं वळ हाय का. कदी काईच न्हाई. वंदी चिडती. जावई चिडत न्हाई, मी चप्पल काढली की तोच पोराला पुढं करतो, बघून घ्या मामी, म्हंतो, आन चहा ठिवतो. मला लाज वाटती, तरी मी बघतेच.

आन सोनूला काय कळतंय, त्याला वाटतं आजीचा खेळच हाय. मी दारात दिसले की आपनच शर्ट वर करतंय आन पाठ फिरवून उभं ऱ्हातंय.