मागं बाई लागत नाही

आणि वर मलाच विचारतात, "जाई, तुला आता दुःख कसलं गं?" ऐकलंत? दुःख कसलं! अहो, बावीस वर्षांचं माझं काम एका दुपारी, गिरगावातल्या एका दुकानात, पंख्याखाली उभं राहून काढून घेतलं, आणि घरी येताना मला उसाचा रस पाजला. रस! आलं घालून!

नाही, बसा हो, सगळं सांगते. आमचे हे विणकर, लालबागच्या मिलमध्ये. पण गाव माणदेशातलं, आणि गावाची समजूत अशी की मुंबईत यंत्रावर उभा राहणारा माणूस म्हणजे जगातली सगळी यंत्रं त्याला कळतात. यंदा गावच्या सोसायटीनं ट्रॅक्टर घेतला. आता त्याच्यामागं जोडायला कुळव आणि पाभर हवी, म्हणजे एका फेरीत ढेकळंही फुटतील आणि बीही पडेल. तर माझे दीर दौलतभाऊजी ट्रॅक्टरची मापं घेऊन आले आणि म्हणाले, "दादा, निवड तू करायची. तुझा हात यंत्रावर बसलाय." झालं! त्या दिवसापासून ह्यांची मान अशी ताठ, की मला वाटलं उसण भरली.

निघालो दुकानात. वाटेत परळला मोर्चा लागला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" हे शिरले त्यात. मी पिशवी घेऊन फुटपाथवर. नायगावपर्यंत घोषणा देऊन आले, घसा बसलेला, आणि म्हणतात, "चल, उशीर होतोय." जसा काही मीच उशीर केला!

दुकानात हेमचंद्र म्हणून विक्रेता. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट, चिखल त्यानं फक्त चित्रात पाहिला असावा. त्यानं पहिलं यंत्र दाखवलं. पुढं गरगर फिरणारे दाते, मागं लांबलचक पेटी, पेटीला नळ्या. "साहेब, पेटीत बी ओता, की ते आपोआप मोजून पडतं. मागं बाई लागत नाही!"

मागं बाई लागत नाही... किती सहज म्हणाला हो. जसं काही 'वर झाकण लागत नाही'.

आणि आमचे हे! यंत्राला कान लावून ऐकतायत, सांध्यावर बोट फिरवून तेल बघतायत आणि अगदी गंभीरपणे विचारतात, "धागा तुटला तर आपोआप थांबतं का?" हेमचंद्र म्हणतो, "साहेब, ह्यात धागा नसतो." "नसला तरी! थांबायला पाहिजे."

तेवढ्यात मला कोपऱ्यात दुसरं यंत्र दिसलं. पुढं तसेच दाते, पण मागं साधी पाभर, वर चाडं, आणि चाड्यामागं लोखंडी बैठक. चाडं म्हणजे लाकडी वाटी हो. पुढं बैल, मागून बाई चालते, ओटीत बी असतं. मूठ चाड्यावर धरायची आणि बोटांच्या फटीतून दाणे सोडत जायचं. दाट पडलं तर कणसं बारीक, पातळ पडलं तर शेत बोडकं. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? सांगते.

मला मूलबाळ नाही, हे काय लपलंय? कुणाच्या डोहाळजेवणाला गेले की मला भिंतीकडची जागा. कुणी ऊठ म्हणत नाही, पण ओटी भरायलाही बोलवत नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीला गावी गेलो, तर चुलतसासू म्हणाली, "हिची मूठ चाड्यावर? शेत वांझ जाईल." अशी, सगळ्यांदेखत! माझ्या सासूबाई पुढं आल्या. सुपातलं बी घेतलं, माझ्या पदराची ओटी केली, त्यात ओतलं आणि म्हणाल्या, "चाल." बस्स! मी चालले. कशी चालले, माझं मला ठाऊक. पुढं आठवड्याभरात शेत उगवलं, असं सारखं, जशी काही फणीनं भांग पाडावा! तेव्हापासून दर वर्षी हे मिलमधून रजा काढणार, मी ओटी बांधणार. गाव म्हणायचं, "जाईची मूठ आली का? मग पेरू." वर्षातून एकदा भरायची हो माझी ओटी... ती अशी.

म्हणून मी काय केलं, त्या दुसऱ्या यंत्रावर चढले. नऊवारी सावरून, चक्क बैठकीवर बसले! म्हटलं, "हे घेऊ या." हेमचंद्र घाबरला, "बाई, ते जुन्या पद्धतीचं आहे, त्याला मागं बाई लागते." म्हटलं, "बाई बसलीय की! दिसत नाही?"

हे हसले. दुकानातले सगळे हसले. मीही हसले, काय करता? आणि पावती फाडली ती त्या पेटीवाल्या यंत्राची.

घरी येऊन मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "मिलमालक एका विणकराला चार माग द्यायला निघाले तेव्हा तुम्हीच गेटवर ओरडत होतात ना, आमच्या माणसांचं काम काढू नका म्हणून? मग माझं काम काढलंत ते?" ह्यांनी टोपी खुंटीला लावली. मग हळूच म्हणतात, "अगं, जिना चढताना तुझे गुडघे वाजतात. मला ऐकू येतं. उन्हात ढेकळांतून किती वर्षं चालणार? तुझ्यासाठीच घेतलं ते."

आता बोला! दुष्टपणानं काढलं असतं तर रडता तरी आलं असतं. मायेनं काढलं हो!

शेजारच्या मीराबाई मालवणच्या. त्यांना सांगितलं, तर म्हणतात, "अगो जाये, आमच्याकडे चिखलात वाकान वाकान लावणी करूची लागता. माझ्या कमरेक इचार! तुका बसान खाऊक गावता, तर रडतस कित्याक?" कित्याक! बरोबर आहे त्यांचंही. मागं बाई लागत नाही, म्हणजे बाईचं भलंच झालं. सगळे तेच सांगतात. मला तेवढं पटत नाही.

पेरणीला हे एकटेच गेले. "दोन दिवसांचं काम, तू कशाला दगदग करतेस?" मी दशम्या बांधून दिल्या. परत आले ते खुशीत. "जाई, काय सांगू! सकाळी लावलं, दुपारी शेत संपलं! अख्खा गाव बांधावर!" मी विचारलं, "माझी कुणी आठवण काढली?" तर म्हणाले, "काढली की. सगळे म्हणाले, वहिनी सुटल्या."

सुटल्या!

मग खिशातून रुमाल काढला. गाठ मारलेला. त्यात दोन मुठी शाळू. "पेटीच्या कोपऱ्यात राहिलं होतं. तिथं काही ते यंत्र पोचत नाही. तू नव्हतीस, म्हणून तुझ्यासाठी आणलं."

मी तो शाळू पदरात घेतला. चाळीच्या गॅलरीत उभी राहिले. समोर नळ, खाली गटार, वर तारा. पेरणार कुठं? सांगा ना, पेरणार कुठं? बियाणं खाऊन संपवू नये म्हणतात, मलाही कळतं. पण दुसऱ्या दिवशी ह्यांना सभेला जायचं होतं, रात्र होणार होती, आणि भुकेला माणूस घोषणा देतो तेव्हा त्याचा आवाज चिरकतो...

लाह्या केल्या मी त्याच्या. काय फुलल्या हो! एकसुद्धा दाणा वाया गेला नाही. हे दोन्ही खिसे भरून निघाले, जिन्यातच तोंडात टाकल्या, आणि खालून ओरडले, "जाई, तुझ्या हाताला काय चव आहे गं!"