बंद न होणारा मेल आणि साखरपुडा

आमच्या पोराच्या, महेशच्या कॉम्प्युटरची गंमत सांगतो, चहा उकळेपर्यंत ऐका. आदल्याच दिवशी त्यानं मेलचा प्रोग्रॅम नवा करून घेतला, आणि तो काही बंदच होईना. फुली दाबली की जायचा, घटकाभरानं परत हजर. इकडे सूनबाईच्या धाकट्या बहिणीचा लोणी काळभोरला साखरपुडा, रिक्षा दारात येऊन उभी.

"अहो, निघायचंय ना आपल्याला?" सूनबाईनं महेशला विचारलं.

"हा नीट बंद नाही केला, तर कंपनीचे मेल उडतील."

मी म्हटलं, "अरे, आज गुरुवार. गुरुवारी आपल्याकडे लाइट जातेच. होईल आपोआप बंद."

आणि गेली की हो! पंखा थांबला, फ्रिज थांबला. कॉम्प्युटर मात्र टुकटुक करत चालूच.

"अप्पा, त्याला बॅटरी आहे. अजून अर्धा तास चालेल."

सूनबाई महेशला शांतपणे म्हणाली, "चालू दे. तुम्ही बसा निवांत. साखरपुडा हुकला तर लग्नाला या. तेही हुकलं, तर बारशाला नक्की पोचाल."

मी चपला घातल्या. बाहेर येऊन बघतो, तर महेश माझ्याआधी रिक्षात!