भरली बंडी पहिले

(वरोऱ्यातल्या बाजाराचं मोकळं पटांगण. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं चौक आखलेला. सुगंधाबाई रश्मीच्या स्कूटीवर, स्कूटी शिकवणारी रश्मी पायी.)

रश्मी : ब्रेक काकू, ब्रेक. मी ट्रक होती. ट्रकच्या अंगावर आल्या तुम्ही.

सुगंधाबाई : तू कायची ट्रक? वारं सुटलं तं वडाच्या पानावाणी उडशील.

रश्मी : या चौकात मी ट्रक आहे. तुमच्या उजव्या हातानं आली. सिग्नल नाई, पोलीस नाई. मग पहिले कोण जाईल?

सुगंधाबाई : मी.

रश्मी : काऊन?

सुगंधाबाई : साठीची हाव मी. गावात मी रस्त्यानं निघाली का सरपंच आपली फटफटी बाजूले घेते.

रश्मी : तुमच्या गावचा नाई तो लायसनच्या परीक्षेचा कम्प्युटर. मागच्या शिबिरात एका मार्कानं राह्यल्या तुम्ही, याच प्रश्नावर. सांगा बरं, मोकळ्या चौकात वाट कोणाले द्यायची?

सुगंधाबाई : उजवीकडून येईन त्याले. गल्लीतून मोठ्या रस्त्याले लागताना मोठ्या रस्त्यावरच्याले. उजवीकडे वळताना समोरून येईन त्याले. चौथी शिकली मी, पण शिकली ते पक्कं शिकली.

रश्मी : मग तिथं दुसरंच बटण काऊन दाबलं?

सुगंधाबाई : त्यानं चित्र दाखवलं. उजवीकडून एक कार, आत डायवर एकटा. डावीकडून ट्रक, लाकडानं भरलेला. म्या म्हटलं, ट्रक जाऊ दे बिचारा.

रश्मी : अरे देवा.

सुगंधाबाई : बंडी हाकली का तू कधी?

रश्मी : बसली आहे. मामाच्या गावी.

सुगंधाबाई : बसणं अलग. आमचे मालक, देवाजी, जंगलातून बांबू आणत. बंडीवाट एकच, चाकोरी गुडघाभर खोल. समोरासमोर बंड्या आल्या तं रिकाम्या बंडीनं चाकोरीतून उतरायचं, भरलेलीले जाऊ द्यायचं. रिकामी पुन्हा चढते. भरलेली उलटली तं बैलाची मान जाते. याले पोलीस नाई लागे. जमीनदाराची बंडी असली अन रिकामी असली, तं तोही उतरे.

रश्मी : कायदा चांगला आहे काकू. पुस्तकात नाई आहे.

सुगंधाबाई : पुस्तक लिहिणारा बसला नसन बंडीत.

रश्मी : एक बोलू? राग नका धरू. हप्त्यातून तीनदा ऑटोनं येता तुम्ही वरोऱ्याले. तुमच्या पोराचं, गोपालभाऊचं घर इथून दोन गल्ल्या. पायी गेल्या तरी पाच मिनिटं. त्याच्यासाठी लायसन कायले पाहिजे?

सुगंधाबाई : पायी गेली तं सून म्हणन, बुढी थकली, आसऱ्याले आली.

रश्मी : पुनम नाई म्हणणार तसं.

सुगंधाबाई : मी तं म्हटलं असतं न तिच्या जागी. हे पाह्य, तिची स्कूटी हाय माह्या ओसरीत. न्यायची राह्यली तिची. ते मी चालवत नेईन, दारात लावीन, चाबी देईन. तिची चीज तिले द्याले गेली तं मागाले गेली असं कोणी म्हणू शकत नाई.

रश्मी : दीड वर्षापासून तशीच उभी आहे ती?

सुगंधाबाई : रोज पुसतो मी. घरात दुसरं आहेच कोण? परवा भाजी आळणी झाली तं तिलेच सांगतलं.

रश्मी : स्कूटीले?

सुगंधाबाई : उलटून नाई बोलली. सुनंपेक्षा बरी.

रश्मी : भांडण कायचं होतं काकू?

सुगंधाबाई : इसरली.

रश्मी : खरं?

सुगंधाबाई : खरं. दळणाचं का दुधाचं, काही तरी फालतू. ते घर सोडून गेले तेवढं याद हाय. गोपाल बाहेर ऑटोत सामान भरून राह्यला होता. पुनमच्या कडेवर पोरगी, दुसऱ्या हातात दोन पिशव्या. मी दारात उभी. सरकली नाई. तिले आडवी होऊन निघा लागलं. चौकटीचा खिळा लागला दंडाले, चरकन. पोरगी रडली, पुनम नाई रडली.

रश्मी : तुमच्या हातात काय होतं?

सुगंधाबाई : काही नाई.

(रश्मी सुगंधाबाईकडे पाहते.)

सुगंधाबाई : पाहून काय राह्यली? म्या इचारलं का तुले काही?

रश्मी : चला, आखरी बार करू. परवा परीक्षा आहे. मी उजवीकडून येते. आता काय होऊ, ट्रक का बस?

सुगंधाबाई : काही नको होऊ. तुही पर्स घे. अन माही पिशवी घे, हे इथी टांगली हाय ते. वजन हाय, सांभाळून.

रश्मी : काय आहे यात?

सुगंधाबाई : मोहाचे लाडू. पोरीले आवडते. दर खेपेले आणतो, दर खेपेले वापस नेतो. घेतली का? आता ये.

रश्मी : येऊ? जोरात येऊ का हळू?

सुगंधाबाई : तुह्या चालीनं ये. मी थांबतो.

रश्मी : झाली मी पार. बघा, बराबर थांबल्या तुम्ही, फक्कीच्या अलीकडे. आता तुमची बारी.

सुगंधाबाई : हो.

रश्मी : काकू, निघा न. कोणी नाई येत आता.

सुगंधाबाई : दिसते मले. त्या दिवशी पुनम भरल्या हातानं येत होती, तेही दिसत होतं.