वीस खुर्च्या आणि एकोणीस ट्राय

...नाही म्हणा ना! सरळ नाही म्हणा, मी काय खाणार आहे का तुम्हाला? पण ‘ट्राय करतो’ म्हणू नका! तुम्हाला सांगतो, सहा वर्षं लांब शिकायला होतो, तिकडे कुणी ‘ट्राय करतो’ म्हणाला की धापा टाकत का होईना, पण यायचा. त्याच भाबडेपणात मी परत आलो आणि गल्लीसाठी वाचनालय काढलं. फुकट! माझी स्वतःची चारशे पुस्तकं! बाबांनी गाडी उन्हात काढली, गॅरेज दिलं आणि म्हणाले, “रविवारी दहा माणसं आली तर गॅरेज तुझं. नाहीतर गाडी आत.”

मग काय, फिरलो घरोघर! समोरचे वकीलकाका, चष्मा कपाळावर ढकलून, “वा वा! तरुणांनी असंच काहीतरी केलं पाहिजे! दहाला ना? ट्राय करतो!” शाळेतला मित्र, आम्ही त्याला गेंड्या म्हणतो, त्याने तर मिठीच मारली, “तुझ्यासाठी कायपण रे! ट्राय करतो!” दातांच्या डॉक्टरीणबाई, माझ्या तोंडात आरसा घालून, “नक्की ट्राय करते हं... आ करा!” आता आ केलेल्या माणसाने विचारायचं तरी कसं, की बाई, नक्की का ट्राय? वहीत लिहीत गेलो. एकोणीस ट्राय जमले! बाबा धरून वीस. खुर्चीवाल्याकडून वीस खुर्च्या आणल्या, फडक्याने पुसल्या, छान अर्धगोलात मांडल्या.

दहा वाजले. सव्वादहा. म्हटलं येतील, निघाले असतील, चपला सापडत नसतील... पावणेअकराला डिक्शनरी उघडली. करणार काय? प्रयत्न करणे. चव घेऊन बघणे. कपडा अंगात घालून बघणे. खटला चालवणे. एखाद्याचा अंत पाहणे... हा एक तेवढा बरोबर निघाला! पण ‘येणार नाहीये, फक्त तुला वाईट वाटू नये म्हणून बोलतोय’, हा अर्थ कुठेच नाही हो! एवढं उशीएवढं पुस्तक, आणि रोजच्या वापरातला अर्थच गाळलेला!

तेवढ्यात गेंड्याचा फोन. “अरे, सकाळपासून ट्राय करतोय, तुझा फोनच लागत नाही!” फोन सकाळपासून माझ्या हातात! शेवटी खाली उभा राहून ओरडलो, “बाबा, तुम्ही तरी या!” वरून खिडकीतून आवाज आला, “ट्राय करतो रे!” चौदा पायऱ्या आहेत हो... चौदा!

खरं सांगू? पुस्तकांचं सोडा. सहा वर्षं एका खोलीत काढली, तिथे मराठीत बोलायला कोण, तर भिंत. रोज तिला सांगायचो, थांब, एकदा घरी गेलो की माणसांत बसणार मी! आणि बसलो की. वीसही खुर्च्यांत बसलो. एकेका खुर्चीत पाच-पाच मिनिटं... कुठून कसं दिसतं ते बघायला.

एक वाजता खुर्चीवाला टेम्पो घेऊन आला. खुर्च्या एकात एक घालत म्हणाला, “झाला कार्यक्रम?”

“झाला.”

“माणसं लवकर गेली वाटतं.”

मी म्हटलं, “पुढच्या रविवारी तुम्ही याल का? वाचायला?”

“नाही.”

“म्हणजे... जमलं तर हो?”

“अहो, नाही! रविवारी दुपारपर्यंत झोपतो मी. आज तुमच्यापायी उठलो.”

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून, माझ्याशी, खरं बोललं होतं! टेम्पोत खुर्च्या चढवायला मीच हात लावला.

संध्याकाळी गाडी आत गेली. पुस्तकं पलंगाखाली. पण आता दर शनिवारी मी खुर्चीवाल्याला फोन करतो. “उद्या येताय?” “नाही.” “बरं.”

आठवड्यात तेवढंच काय ते माझं कुणाशी तरी मनमोकळं बोलणं होतं!