डलासच्या गाडीला कंडक्टर

डलासला असताना मी एकदा शनिवार-रविवारची अशी ट्रिप आखली होती, की कोणी चूक काढून दाखवावी. सकाळी दहाला निघायचं, सहाशे किलोमीटर गाडी हाणायची आणि संध्याकाळी एका मोठ्या दरीवर सूर्यास्त बघायचा. प्रत्येक वळण कागदावर छापून घेतलेलं.

वसईला फोन करून बाबांना सगळं ऐकवलं. बाबांनी तीस वर्षं वसई-भिवंडी बस चालवलेली. त्यांनी एकच विचारलं, "कंडक्टर कोण?"

"बाबा, स्वतःच्या गाडीला कसला कंडक्टर?"

"ड्रायव्हरला कायम वाटतं, अजून थोडं जाऊ. थांबायचं कधी, ते दुसऱ्याने सांगायचं असतं. सूनबाईला फोन दे."

स्मिताला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनी शिकवलं: एक बेल दिली की गाडी थांबली पाहिजे, दोन दिल्या की निघाली पाहिजे. मी हसलो. तिने स्टीलचा पेला आणि चमचा पर्समध्ये टाकला.

दुपारी तीनचा सुमार. पोटभर जेवण झालेलं, रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. आणि पेला वाजला. टण्.

"अगं, मी ठणठणीत आहे. अजून पंधरा मैल जाऊ."

"बेल दिलीये."

चरफडत एका पेट्रोलपंपावर गाडी लावली. म्हटलं, पाच मिनिटं डोळे मिटतो. उघडले तेव्हा सूर्य पंपाच्या छपरामागे बुडत होता.

"उठवलं का नाहीस?" मी ओरडलोच.

स्मिता शांतपणे पेला पुसत होती. म्हणाली, "डबल बेल दिली होती का मी?"