विजयामालाबाईंची कुडी

मंडळी, ऐका! टाळ जरा थांबवा, मृदंगबुवा, हात पुसून घ्या — आज मी आधी एक प्रश्न टाकणार आहे आणि मग आख्यान लावणार आहे. उत्तर द्यायची घाई करू नका!

कुणी आपली वस्तू नेली, तर त्याला आपण काय म्हणतो? चोर! बरोबर. वस्तू परत आणून दिली, तर? प्रकरण मिटलं! पण समजा, कुणी कुणाचं नाव नेलं. चांगल्या माणसाचं चांगलं नाव — भर माणसांत काढून घेतलं! मग ते परत कसं करायचं? पिशवीत घालून? पोस्टानं? सांगा ना! नाव परत करायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

बघा, पुढची ओळ एकदम खाली बघायला लागली. बसा, बसा. मी गोष्ट सांगतो.

बार्शीला आनंदनगर म्हणून एक वसाहत. तिथं विजयामालाबाई काटकर राहायच्या. यजमान दिनकरराव, साखर कारखान्याच्या कचेरीत. घर नीटनेटकं, देवपूजा वेळेवर, बाई मनानं वाईट नाही — हे आधीच सांगून ठेवतो! नाहीतर तुम्ही म्हणाल, दुष्टच होती, आमचा काय संबंध? संबंध आहे! ती तुमच्या-माझ्यासारखीच होती.

त्यांच्याकडं कौसाबाई कामाला. भांडी घासायची, आणि कपडे धुवायच्या मशीनमध्ये कपडे टाकायची, काढायची, वाळत घालायची. वर्षानुवर्षं! घरच्यांपेक्षा तिला जास्त ठाऊक — कुठला सदरा रंग सोडतो, कुठल्या चादरीला कोमट पाणी लागतं.

आली संक्रांत. विजयामालाबाईंनी हळदीकुंकू ठेवलं. आणि मंडळी, आदल्या दिवशी त्यांचा कान ठणकत होता म्हणून त्यांनी कानातली एक कुडी काढली. मोत्याची कुडी! आईनं लग्नात स्वतःच्या कानातून काढून दिलेली. काढली — आणि ठेवली कुठं? रुमालाच्या टोकाला गाठ मारून! आणि रुमाल ठेवला कुठं? ते... विसरल्या! हसू नका! बायकांच्या बाजूनं जास्त हसू येतंय. घरी जाऊन तुमच्या रुमालांच्या गाठी सोडून बघा!

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. काठपदर, गजरे, तिळगूळ, हसणं-खिदळणं! विजयामालाबाई आरशासमोर गेल्या, डबा उघडला — रिकामा! एका कानात कुडी आहे, दुसरी नाही! गादी उलटली, देव्हारा हलवला, नाही म्हणजे नाही. आईची आठवण, मंडळी! डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की बोट कुणाकडं फिरतं? मोरीकडं! तिथं कौसाबाई कप विसळत बसलेली.

“कौसा, बाहेर ये.”

आली बिचारी, हात पुसत.

“माझी कुडी कुठाय?”

“कसली कुडी, बाई?”

“साळसूदपणा नको! आतल्या खोलीत तुझ्याशिवाय कोण जातं? पदर झाड.”

पदर झाड! सगळ्या बायकांसमोर! शेजारच्या कुंदाताईंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. कौसाबाईनं एकदा मालकिणीकडं बघितलं — आणि झाडला पदर. काय पडलं त्यातनं? कुडी? नाही! तिळाचे लाडू पडले. नातीसाठी बांधून घेतलेले.

आणि कुंदाताई म्हणाल्या, “अगं बाई! लाडूसुद्धा सोडले नाहीत!”

आता ऐका हं. इथं कान द्या! ते लाडू कौसाबाईला दिले होते कुणी? विजयामालाबाईंनीच! सकाळी स्वतःच्या हातानं! “नातीला ने गं” म्हणून! मग या क्षणाला त्या काय म्हणाल्या?

काही नाही! गप्प बसल्या!

कौसाबाई वाट बघत उभी राहिली. आत्ता बाई सांगतील, आत्ता सांगतील. सांगितलं नाही. मग ती वाकली, फरशीवरचे लाडू उचलले, टेबलावर ठेवले, आणि चालती झाली. मंडळी, प्रत्यक्ष देवावर मण्याच्या चोरीचा आळ आला होता. पण तो देव होता, मणी शोधायला रानात शिरला! कौसाबाईनं कुठल्या रानात जायचं? दुसऱ्या दिवशी कुंदाताईंच्या दाराला आतून कडी. पुढच्या घरी, “आम्ही दुसरी बाई बघितली.” आख्ख्या वसाहतीत काम बंद! गेली ती डाळमिलमध्ये डाळ निवडायला.

आणि इकडं? इकडं भांड्यांचा डोंगर! दिनकररावांनी जाहीर केलं, “आता बाईच नको! भांडी घासायचं मशीन आणू. मशीन चोरी करत नाही!”

गेले दुकानात. हा प्रसंग ऐकण्यासारखा आहे! विक्रेता तरतरीत. “या काकू, या! हे बघा, बटण दाबा की झालं!”

काकू म्हणाल्या, “कढई बसते का?”

“बसते ना! फक्त लोखंडी नको. गंजते.”

“बरं. पितळी डबे?”

“पितळ नको, काळं पडतं.”

“लाकडी पोळपाट?”

“लाकूड तर मुळीच नको!”

“करपलेला भाताचा कुकर?”

“तो चालेल! फक्त आधी करपलेलं खरवडून, खरकटं काढून मग ठेवायचा.”

काकू म्हणाल्या, “अरे बाबा, खरवडून मीच दिला, तर राहिलं काय त्याच्याकडं?”

तरी विक्रेता हटेना! “तुमच्याकडं बोअरचं पाणी ना? मग यात मीठ घालायला लागेल.” दिनकरराव दचकले, “भांड्यांना मीठ?” “भांड्यांना नाही हो काका, मशीनला! पाणी जड आहे, मऊ करायला!” काका म्हणाले, “आमच्या घरी आमटीत मीठ विसरतात, आणि ह्याला आठवणीनं घालायचं!”

पण गंमत सोडून एक सांगतो, गैरसमज करून घेऊ नका. मशीन वाईट नाही! घ्या! जरूर घ्या! आपल्याकडं कढया किती, माणसं किती, पाणी कसलं, विचारून-पारखून घ्या. पाण्यात हात घालून बायकांच्या बोटांना भेगा पडाव्यात असं कुठल्याच देवानं सांगितलेलं नाही! पण ही दोघं मशीन घ्यायला गेली होती का? नाही! ती कौसाबाईला शिक्षा करायला गेली होती. रागानं केलेली खरेदी, मंडळी! घरी आली, ओट्याशेजारी बसली, चकाचक दिसायला लागली. आणि विजयामालाबाई तिच्यासमोर उभं राहून तवा हातानंच घासायला लागल्या!

आता देवाची करणी बघा! भांड्यांचं मशीन आलं, आणि कपड्यांचं बिघडलं! कपडे धुवायचं, खळखळायचं, आणि पाणी बाहेर सोडायची वेळ आली की — गुर्रर्र! — बंद! काचेतनं बघावं तर सगळे कपडे पाण्यात तरंगतायत! दिनकररावांनी वरनं थापट्या मारल्या. बाजूनं मारल्या. शेवटी एक लाथ! आपल्याकडं दुरुस्तीची हीच पहिली पद्धत! मग बोलावलं मुबारकभाईंना, दुरुस्ती करणारे.

मुबारकभाई म्हणाले, “ताई, परात आणा. खालच्या जाळीत काहीतरी अडकलंय, पाणी निघेना त्यामुळं.” मशीनच्या पायथ्याशी एक छोटं झाकण असतं. ते उघडलं, आतली जाळी फिरवली, परातीत काळं पाणी भळाभळा! त्यात निघालं एक सदऱ्याचं बटण. निघाली सेफ्टी पिन. धाग्यांचा बोळा निघाला. मुबारकभाईंनी बोळा पिळला —

आणि परातीत टण्!

मुबारकभाई म्हणाले, “हे तुमचंच ना, ताई?”

कुडी! मोती काळवंडलेला, पण आईचीच कुडी! रुमालासकट मशीनमध्ये गेली, गाठ सुटली, खाली जाऊन बसली!

तुम्हाला वाटेल, बाईंना आनंद झाला. मंडळी, बाई तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. कानातली कुडी सापडली, पण दुसऱ्याच्या कुडीतला जीव आपण जाळला, हे त्या क्षणाला लख्ख दिसलं! शब्द एकच आहे बघा, कानातलीही कुडी आणि देहही कुडी. एकीची किंमत कळली, दुसरीची नाही!

मुबारकभाई हत्यारं आवरून गेले. दिनकरराव म्हणाले, “सापडली ना? मिटलं! आता कुणाला बोलू नकोस. उगाच आपलंच हसं व्हायचं.”

“आणि कौसा?”

“तिला एक चांगलं लुगडं नेऊन दे.”

किती सोपं! गेल्या बाई. हातात लुगडं, डोळ्यांत पाणी. कौसाबाई दारात तांदूळ पाखडत होती. बाईंनी सगळं सांगितलं. रुमाल, जाळी, परात, सगळं! हात जोडले. “कौसा, चुकलं माझं. माफ कर.”

कौसाबाईनं सूप खाली ठेवलं. “सापडली ती चांगलं झालं. तुमच्या आईची व्हती.”

बघा, आधी काय बोलली ती! मग लुगडं पुढं आलं, तशी मागं सरकली. “ह्ये नगं.”

“मग काय देऊ? सांग, तू म्हणशील ते!”

“बाई, आळ घेतला तवा समद्या बाया व्हत्या. आन् माफी मागताय तवा म्या एकलीच हाय. माज्या एकलीला तर ठावंच व्हतं का, म्या चोरी केली न्हाई! ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा.”

आहाहा! मृदंगबुवा, एक थाप द्या यावर! आळ चौकात, आणि माफी कानात? असा व्यवहार देवाच्या दरबारात चालत नाही, मंडळी!

बाई घरी आल्या. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी पुन्हा निरोप धाडले, त्याच बायकांना. बायका आपसांत म्हणाल्या, “एकाच संक्रांतीला दोनदा?” पण आल्या! फुकट वाण कोण सोडतंय! आणि येऊन बघतात तर काय — बैठकीत सतरंजीवर, मधोमध, कौसाबाई बसलेली! कुजबूज सुरू!

विजयामालाबाई उभ्या राहिल्या. मंडळी, रणात तलवार उपसणं सोपं, पण शेजारणींसमोर “मी चुकले” म्हणणं? करून बघा!

“माझी कुडी सापडली,” त्या म्हणाल्या. “मशीनच्या जाळीत. मीच रुमालात बांधून विसरले होते. कौसानं काही नेलं नव्हतं.”

“अगं बाई, बरं झालं!” कुंदाताई म्हणाल्या. “चला, मिटलं—”

“मिटलं नाही! थांबा.” बाईंनी हात वर केला. “कुडी हरवली, तेव्हा मला वाटलं हिनं घेतली. ती माझी चूक. पण ते लाडू — ते मीच तिला दिले होते. तुम्ही तिला लाडूचोर म्हणालात, आणि मला खरं माहीत असून मी गप्प बसले. ती चूक नव्हती. तो लबाडपणा होता.”

कुंदाताईंचं तोंड उतरलं. त्या उठल्या, कौसाबाईपाशी आल्या, शेजारी बसल्या.

आणि कौसाबाई? तुम्हाला वाटेल रडली, गळ्यात पडली. नाही! तिनं एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, “झालं. आता च्या आना. माजा घसा सुकलाय.”

असा हशा उठला म्हणता! बाईंनी चहा आणला, बशीसकट, चांगल्या कपातनं. आणि त्या दिवशी कप कुणी विसळले माहीत आहे? मशीननं नाही! दिनकररावांनी! आत मोरीत, मुकाट्यानं!

दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतली दारं उघडली. कुंदाताई स्वतः बोलवायला गेल्या. कौसाबाई सगळ्यांकडं जायला लागली. एक घर सोडून! विजयामालाबाईंनी विचारलं, “माझ्यावर अजून राग आहे का गं?”

“राग न्हाई बाई. पर तुमच्या मोरीत हुबी ऱ्हायले का त्यो दिस आठवतोय. तुम्ही आता मशीन लावा, शिका. येता-जाता मी बोलीन की तुमच्याशी.”

आणि बोलायची! फाटकाशी उभी राहून, हसून! पण आत कामाला गेली नाही ती नाहीच. माफी मिळाली म्हणून सगळं पहिल्यासारखं होतंच असं नाही, मंडळी. नाव परत करता येतं. गेलेला दिवस परत करता येत नाही!

आता माझं बोलणं तुमच्याकडं वळतं. या मांडवात एवढी माणसं बसलीत. भाऊ भावाला बोललेला असेल. सासू सुनेला बोललेली असेल. गड्याला, शेजाऱ्याला, हाताखालच्या पोराला. भर माणसांत! नंतर खरं कळलं असेल, आणि मनातल्या मनात म्हटलं असेल, जाऊ दे, विसरला असेल तो. तो विसरलेला नाही! आणि कदाचित तो आत्ता याच मांडवात, तुमच्यापासून चार माणसं पलीकडं बसलाय. तुम्हाला माहीत आहे तो कुठं बसलाय!

मी अभंग म्हणत नाही. टाळकऱ्यांनो, तुम्हीही थांबा. आरतीचं तबक तसंच राहू द्या, निरांजन विझलं तर पुन्हा लावू. ज्याला उठून कुणापाशी जायचं असेल, त्यानं आत्ता उठावं, सगळ्यांच्या देखत. देवाला घाई नाही. आणि मलाही नाही. मी उभा आहे.