मेव्हण्याची खोकी आन तीन कोपऱ्यांची खोली

...न्हाई न्हाई, हसू नका! तुमच्या घरी असा मेव्हना असता म्हंजी कळलं असतं! माझ्या बापानं स्वता इनलेली बाज, आन तिच्यावर पडायला मला माझ्याच घरात जागा न्हाई! का? तर आमच्या हिचा भाऊ कानिफनाथ मुंबैहून गान्याचं यंत्र घिऊन आलाय. यंत्र येवढंसं, पन आवाज म्हनं दोन खोक्यांतनं निघतो. खोकी कंबरंएवढी, भुईवर हुभी करायची! तिकडं त्याच्या खोलीत पाय पसरायला जागा न्हाई, म्हनून आनली जामखेडला. माझ्या उरावर!

आन खोली कशी, तुमाला सांगतो! वाटनीत चुलत्याचा आड वाचवायला भित तिरपी घेतली, म्हनून तीन कोपऱ्यांची! दोन कोपऱ्यांत भिती, तिसऱ्यात दार. आन हा नाक वर करून म्हनतो, "दाजी, आवाज मधोमध आला पाहिजे!"

अरं, मधोमध? खोली धड चौकोनी न्हाई, मधोमध कुठनं आनू?

मग काय... खोकं इकडं सरकव, बाज तिकडं. ह्या भितीला आवाज घुमतो, त्या भितीला बसतो... हा आपला भुईवर डोळं मिटून बसनार, मान वाकडी करनार, "छ्या! डावीकडं गेला!" अरं जाऊ दे की! गान्याला काय दावं लावायचंय? शेजारचं शमशेरचाचा डोकावलं, "ही खोकी ज्वारी ठिवायला केली का वो?" म्हनलं, ज्वारी ठिवली असती तर चार मानसं जेवली असती!

शेवटाला खोकी दोन कोपऱ्यांत. आन बाज? बाज अंगनात!

दुसऱ्या दिशी गौरी यायच्या. दरसाल डबं रचून, खाली इटा सारून दोघींची उंची जुळवताना हिचा जीव जातो. हिनं खोकी बघितली. "अगं बया, दोन्ही एका मापाची!" झालं! खोक्यांवर जरीची लुगडी, वर मुखवटं, हळदकुकू... आता गौरी उठंस्तवर खोक्यांना हात लावायचा न्हाई! मी मनात म्हनलं, जिरली!

कुठली जिरतीय! ह्यानं लुगड्याखालनंच गानं लावलं. पुढ्यात बायका बसलेल्या, म्हनून हा मधोमध हुडकत मागं, मागं... दाराभाईर... आन टेकला माझ्या बाजंवर!

"दाजी! इथंच! इथंच मधोमध!"

आता बाजंवर तो, आन मी आडाच्या काठावर, उकिडवा. गौरींचं बरं असतं वो, तुमाला सांगतो, तिसऱ्या दिशी दहीभाताची शिदोरी दिली की जात्यात.

मेव्हन्यानं रजा वाढवलीय.